लायन्ससारख्या समाजसेवी क्लबमध्ये नक्की करतात काय, असा प्रश्न इथे विचारलाय.
त्यावर एकांनी लिहिलंय, 'हारतुरे, फोटो आणि शेवटी जेवण.' अगदीच खोटं नाही. आमच्या लायन्स क्लबच्या पदग्रहणाला मीही तासभर नुसती भाषणं ऐकलीत. पण रक्तदान शिबिराच्या आदल्या आठवड्यात येऊन बघा.

मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला गेलेले, नेमका तेव्हाच रक्तपेढीत तुटवडा. म्हणून आम्ही शिबिर मुद्दाम मेमध्ये घेतो. माझं काम फोनचं. वही उघडायची, मागच्या वेळी कुणी कधी दिलं ते पाहायचं (पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने थांबावं लागतं) आणि एकेकाला गाठायचं. निम्मे 'बघतो' म्हणतात. शिबिराच्या दिवशी हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली निघालं की परत पाठवावं लागतं. त्यात बायका जास्त. सकाळी घरचं सगळं उरकून, नटूनथटून आलेल्या काकूंना 'आज नको' सांगणं फार जड जातं. आता त्यांना आम्ही चहाबिस्किटांच्या टेबलावर बसवतो. दात्यांना पंधरा मिनिटं उठू न देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही!

माझी खरी तक्रार वेगळी आहे. १ जुलैला अध्यक्ष बदलतो आणि नव्याला नवा प्रकल्प हवा असतो. गेल्या वर्षी लावलेल्या झाडांना पाणी कोण घालणार, यावर कुणी बोलत नाही. तुमच्याकडे यावर काही तोडगा काढलाय का कुणी?