मॅनेजमेंट चांगलं असलं की कॉलेजचं शिकवणं, रिसर्च खरंच सुधारतं का?

शाईपेन:
नऊ वर्षं शिकवतेय, आता विभागप्रमुखपद माझ्याकडे येतंय म्हणून मनापासून विचारतेय. सीनियर मंडळी म्हणतात कॉलेज चालतं चांगल्या शिक्षकांवर आणि पैशावर, मॅनेजमेंट म्हणजे नुसते कागदी घोडे. पण मग एकाच बिल्डिंगमधे, त्याच पगारावर दोन विभागांत एवढा फरक कसा काय पडतो? यावर कुणी नीट अभ्यास केलाय का?

खडूफळा:
केलाय. मॅककॉर्मॅक, प्रॉपर आणि स्मिथ या तिघांचा पेपर २०१४ मधे इकॉनॉमिक जर्नलला आला, ब्रिटनमधल्या १०० हून जास्त विद्यापीठांतले जवळपास २५० विभाग त्यांनी बघितले आणि कंपन्यांच्या मॅनेजमेंटला मार्क द्यायची जी पद्धत आहे तीच इथे लावली. पैसा किती आणि आधीची कामगिरी कशी हे हिशोबात धरूनसुद्धा ज्यांचे मार्क जास्त त्यांचं शिकवणं आणि रिसर्च दोन्ही सरस निघालं. आणि हे फक्त मोठ्या नावाच्या रिसर्चवाल्या विद्यापीठांपुरतं नाही, सगळीकडे तसंच. सगळ्यात जास्त संबंध कशाशी दिसला तर माणसांशी, म्हणजे कुणाला घेता, चांगल्याला टिकवायला काय करता, बढती कशावर देता. त्यामुळे तुमच्या खुर्चीला वजन आहे ताई, कमी समजू नका.

उशिरा_आलेला:
पेपर चांगलाच आहे पण तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. चांगली माणसं आधीच असतील तर मॅनेजमेंटही आपोआप चांगलं दिसणार ना. आणि बढती कशावर हे ठरवताना फार जपा. मी आधी होतो तिथे पेपरच्या संख्येवर पॉइंट होते, तर लोक एका कामाचे तीन तुकडे करून छापायचे आणि जो माणूस संध्याकाळी थांबून कच्च्या पोरांना गणित शिकवायचा त्याच्या खात्यात शून्य. तो शेवटी सोडून गेला, अजून वाईट वाटतं. गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मधेच सांगितलं होतं की एखाद्या आकड्याला धरून कंट्रोल ठेवायला गेलं की तो आकडाच भरवशाचा राहत नाही.

खडूफळा:
मान्य. मोजा पण नुसतं मोजून बढती देऊ नका, त्या माणसाच्या वर्गात बसा, त्याचं काम स्वतः वाचा. अमांडा गुडॉलचा २००९ चा अभ्यास पण बघा, ज्या विद्यापीठांचे प्रमुख स्वतः चांगले संशोधक होते त्यांची कामगिरी पुढे जास्त सुधारली. मला वाटतं अशा माणसाला चांगलं काम कुठलं ते ओळखता येतं आणि लोकही त्याचं ऐकतात.

शाईपेन:
खूप आभार दोघांचे. आमच्याकडे दोन नवीन लेक्चरर आहेत, सगळे नको असलेले तास आणि परीक्षेची कामं त्यांच्याच गळ्यात पडलीत आणि एकजण दुसरीकडे अर्ज करतोय असं कानावर आलंय. सोमवारी आधी त्यांच्याशी बोलते आणि वर्कलोडचा तक्ता सगळ्यांसमोर ठेवते, अगदी माझ्या तासांसकट.