मदत हवी आहे: मोल्दाव्हियाच्या सनदांना ५५०८ वजा करायचे की ५५०९?

वालाकिया आणि मोल्दाव्हिया (आजच्या रोमानियाच्या भागातली दोन जुनी राज्यं) यांच्या राजांची कालसूची लावतोय. सनदांवरचं साल सृष्टीच्या आरंभापासून मोजलेलं असतं. वालाकियात वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला जानेवारी ते ऑगस्ट ५५०८ वजा, पुढच्या चार महिन्यांना ५५०९. बुखारेस्टचा पहिला उल्लेख असलेली वालाकियाचा राजा व्लाद त्सेपेश याची सनद २० सप्टेंबर ६९६८ ची, म्हणजे १४५९. इथवर ठीक.

घोडं अडलंय मोल्दाव्हियाचा राजा स्तेफान चेल मारे याच्यापाशी (१४५७–१५०४). त्याच्या दरबारी वर्ष १ जानेवारीपासून धरत, असं मानतात. मग बाराही महिने ५५०८. त्याच्या राज्यातल्या पुत्ना मठाचा अभिषेक ३ सप्टेंबर ६९७८ चा. या हिशेबाने १४७०, वालाकियाच्या हिशेबाने १४६९, आणि छापील पुस्तकांत दोन्ही सापडतात!

सिरिलिक अंक (अक्षरांनीच लिहिलेले आकडे) पुन्हा वाचले (झेलो, त्सी, ओन, इझे = ६९७८), वाचनात चूक नाही. वार दिला असेल तिथे ज्युलियन पंचांगाने निकाल लागतो, पण बहुतेक सनदांत वार नाही. साक्षीदार बोयारांची (सरदारांची) यादी लागोपाठच्या दोन वर्षांत जवळपास तीच, त्यामुळे तीही निरुपयोगी. जानेवारी ते ऑगस्टच्या नोंदींचा प्रश्नच नाही.

तर सप्टेंबर ते डिसेंबरच्या, वार नसलेल्या सनदांना सरसकट ५५०८ लावावं का? आणि मठांच्या शिलालेखांना, बखरींना तोच नियम चालतो की त्या वेगळ्या धरायच्या?