मदत हवी आहे: गेम संपला, लेकीचे प्रश्न संपेनात

मंडळी, आम्ही न्यू जर्सीत. लेक पाचवीत, शाळेत अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचा काळ चालू आहे. पुस्तक उघडायलाच तयार नव्हती, म्हणून ‘मिशन यूएस’ या अमेरिकी इतिहासावरच्या ऑनलाइन गेम-मालिकेतला पहिला गेम लावून दिला (फुकट आहे). १७७० चं बॉस्टन, आणि आपण छापखान्यात उमेदवारी करणारा १४ वर्षांचा नॅट. दोन संध्याकाळी पोरगी जागची हलली नाही!

शेवटी ५ मार्चला ब्रिटिश शिपाई जमावावर गोळीबार करतात, नॅटला साक्ष द्यावी लागते. तिथे गाडी अडली. पॉल रिव्हिअर या बॉस्टनच्याच कारागिराने तेव्हा छापलेल्या चित्रात शिपाई ओळीत उभे, मागे कॅप्टन हुकूम देतोय. खटल्यात मात्र कॅप्टन प्रेस्टन सुटला, ८ शिपायांपैकी ६ सुटले. त्यांचा वकील कोण, तर जॉन अ‍ॅडम्स, पुढे अध्यक्ष झाला तोच. “मग खोटं कोण बोललं?” हे रोज जेवताना.

त्या खटल्यातल्या साक्षी दहा वर्षांच्या मुलीला झेपतील अशा सोप्या रूपात कुठे मिळतील का?

आणि ‘लॉयलिस्ट’ला (ब्रिटिश राजाची बाजू घेणारे वसाहतींतले लोक) मराठीत काय म्हणू? लेक व्हिडिओ कॉलवर आजीला सगळं सांगते. मी ‘राजनिष्ठ’ सुचवलं, तर आजी म्हणाली, “मग चांगलाच की गं माणूस!”