लिनक्समधल्या नको असलेल्या भाषांच्या फायली: उडवाव्यात की राहू द्याव्यात?

चिंचवडकर (धागाकर्ता)
भाचीसाठी ३२ जीबी ईएमएमसीचा (बोर्डावरच जोडलेली छोटी साठवण) जुना लॅपटॉप झाडूनपुसून वर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय. ब्राउझर, लिबरऑफिस आणि दोन-चार खेळ चढवले की जागेची बोंब. /यूएसआर/शेअर/लोकेल हे प्रोग्रामांच्या भाषांतरांचं फोल्डर उघडलं तर आइसलँडिकपासून झुलूपर्यंत फोल्डरं! इंग्रजी नि मराठी सोडून घरात कोण काय वाचणार? माझं सरळ मत: नको त्या भाषा पुसणारं लोकेलपर्ज टाका, भाषा निवडा, बाकीच्या उडवा. 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांकडे टेराबाइटच्या डिस्क असतात.

रूट_नको
असहमत. त्या फायली डीपीकेजीच्या, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामच्या ताब्यातल्या. तुम्ही परस्पर पुसल्या तरी त्याच्या नोंदीत त्या राहतात. पॅकेज अपडेट झालं की पुन्हा हजर, आणि फायली जागेवर आहेत का ते तपासणारं 'डीपीकेजी --व्हेरिफाय' चालवलं की 'मिसिंग'ची ही लांबलचक यादी. उद्या खरंच काही बिघडलं तर त्या यादीत खरी हरवलेली फाईल शोधत बसा. लोकेलपर्जच्या स्वतःच्या वर्णनातच 'हा जुगाड आहे, बिचकणाऱ्यांनी लांब राहा' अशा अर्थाचा इशारा आहे. आधी 'एपीटी क्लीन' करून उतरवलेली पॅकेजं पुसा, जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) छाटा, जुनी कर्नलं (लिनक्सचा गाभा) काढा.

चिंचवडकर
ते सगळं झालंय हो. आणि लोकेलपर्ज आता बसवतानाच डीपीकेजीची पाथ-एक्स्क्लूड सोय (ठरावीक फायली बसवूच नका असा नियम) वापरू का म्हणून विचारतं. मग परस्पर कुठे राहिलं?

सोलापुरी_शेल
दोघंही एकाच पोत्यात दोन वेगळी धान्यं भरताय.
/यूएसआर/शेअर/लोकेलमध्ये असतात भाषांतरं, म्हणजे गेटटेक्स्ट या भाषांतर-यंत्रणेच्या .एमओ फायली. त्या गेल्या तर प्रोग्राम मूळ मजकूर दाखवतो, जो बहुतेक वेळा इंग्रजी असतो. आभाळ कोसळत नाही. पण /यूएसआर/लिब/लोकेलमधलं लोकेल-अर्काइव्ह हे प्रकरण निराळं. ते लोकेल-जेन ही आज्ञा तयार करते; तारीख, चलन, अक्षरांचा क्रम तिथून येतो. चालू लोकेलच (भाषा-प्रदेशाची मांडणी) तिथून गेलं तर पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा प्रत्येक वेळी कुरकुरते, आणि पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीतला डेटाबेस त्या लोकेलवर बनवलेला असेल तर जोडणीच नाकारली जाते. तिथली भरती कमी करायची तर /ईटीसी/लोकेल.जेनमध्ये नको त्या ओळींपुढे # लावून लोकेल-जेन पुन्हा चालवा. आरएम (फायली पुसायची आज्ञा) नाही.

भाषांतरांसाठी पाथ-एक्स्क्लूडच बरं. /ईटीसी/डीपीकेजी/डीपीकेजी.सीएफजी.डी मध्ये एक फाईल करा: आधी सगळं लोकेल वगळा, मग त्याखाली इंग्रजी, मराठी आणि लोकेल.एलियस ही फाईल परत आत घ्या. क्रम उलटा केलात तर मराठीही जाईल, कारण शेवटी जुळलेला नियम चालतो. हा नियम पुढे बसणाऱ्या पॅकेजांना लागतो, आधीचा पसारा एकदा हाताने काढावा लागेल. परत हवं झालं तर नियम काढून पॅकेज रीइन्स्टॉल.

रूट_नको
'एकदा हाताने' म्हणजे तेच की! रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन आरएम, एक स्पेस चुकीच्या जागी पडली की डेबियन पुन्हा पहिल्यापासून.

अनुवादाची_हौस
मशीन एकट्याचं असेल तर ठीक. शाळेत किंवा वाचनालयात हा उद्योग करू नका. सोलापुरी_शेल, तुमच्याच गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं एका वर्गात बसतात. 'नको असलेली भाषा' कोणाला नको, हे ॲडमिनने एकट्याने ठरवायचं? आणि काही शे एमबी वाचवायला भाषांतरकारांचं काम आधी उडवायचं, हे मला नाहीच पटत.

चिंचवडकर
ताई, मराठी ठेवतोच आहे. भाचीचा लॅपटॉप आहे, वाचनालय नव्हे.

सोलापुरी_शेल
शाळेचं म्हणणं मान्य, तिथे हात लावू नये. बाय द वे, स्नॅप नि फ्लॅटपॅक या ॲप बसवायच्या वेगळ्या पद्धती; त्यातल्या स्नॅपच्या आतल्या भाषांना कोणीच हात लावू शकत नाही, ती फक्त वाचता येणारी, न बदलणारी इमेज असते. फ्लॅटपॅकला मात्र 'फ्लॅटपॅक कॉन्फिग'ने भाषा सांगता येतात. लिबरऑफिसच्या भाषा तर डेबियनमध्ये वेगळ्या पॅकेजात येतात, त्या सरळ एपीटीने (पॅकेजं घालण्या-काढण्याची नेहमीची आज्ञा) काढा. यात रूट_नको यांच्याही तक्रारीला वाव नाही.

रूट_नको
एपीटीने काढायला माझी कधीच ना नव्हती. पण बाकीचं करण्याआधी फोल्डर किती जागा खातंय ते सांगणाऱ्या 'डीयू -एसएच /यूएसआर/शेअर/लोकेल' चा आकडा इथे टाका. ब्राउझरची कॅश त्याहून मोठी निघाली तर मी पुन्हा भांडायला येणार.

चिंचवडकर
टाकतो रात्री. नियमाची फाईल मात्र आत्ताच लिहून ठेवलीय.