मदत हवी आहे: पानशेतकडे उल्का पडली, कुठल्या गावात शोधू?

धायरीकर: काल रात्री गच्चीवर कपडे काढत होते. अचानक वेल्डिंगसारखा हिरवट-पांढरा उजेड पडला, माझी सावली टाकीवरून सरकली. वर बघते तर शेपटीवाला गोळा! सिंहगडामागे उतरला, शेवटी दोन नारिंगी तुकडे झाले. सकाळी निघतेय. गाव सांगा लवकर, दुसरं कुणी उचलायच्या आत.

निशाचर: काल म्हणजे कुठली तारीख? वेळ? किती सेकंद दिसला? आवाज आला का?

बावधनचा: उल्का नाही, रॉकेटचा भाग असणार. २ एप्रिल २०२२ ला असंच झालं होतं. चिनी रॉकेटचे अवशेष होते ते, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला मोठी धातूची रिंग पडली होती. हात लावू नका, पोलिसांना कळवा.

निशाचर: ते अवशेष संथपणे, ओळीने, कितीतरी वेळ जाताना दिसले होते. आधी सेकंद कळू देत.

बावधनचा: मी स्वतः पाहिलंय ते, म्हणून सांगतोय.

धायरीकर: १३ डिसेंबर, रात्री ११ च्या सुमारास. चार सेकंद फार तर. आवाज नाही. पण गाव कुठलं?

दुर्बीणवेडी: मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो तेव्हा! सहा इंची दुर्बीण घ्या, आयुष्य बदलेल.

निशाचर: उल्का दुर्बिणीतून बघत नाहीत, उघड्या डोळ्यांनी बघतात. आणि गोळ्याचा मार्ग उलटा मागे नेल्यावर मिथुनेत पोचला, तरच तो त्या वर्षावातला. धायरीकर, आत्ता गच्चीवर जा. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. गोळा विझला ती जागा क्षितिजापासून किती मुठी वर होती?

माहेर_बुलढाणा: लोणारला जाऊन या. अशनी आदळून झालेलं १.८ किमी व्यासाचं विवर, तेही बेसाल्ट खडकात. आणि जमिनीवर पडते ती उल्का नव्हे, अशनी.

धायरीकर: गडावरच्या मनोऱ्याच्या दिव्याच्या जरा वर. जेमतेम एक मूठ.

निशाचर: मग पानशेत विसरा. ३० किमी उंचीवर विझला असं धरलं तरी तो तुमच्यापासून १७० किमी लांब होता. उंची जास्त असेल तर अंतर आणखी वाढतं. धायरीहून नैर्ऋत्येला तेवढं गेलं की कोकणचा किनाराही मागे पडतो. एवढ्या लांबून आवाज आलाच तर आठ मिनिटांनी, तोवर तुम्ही खाली उतरला असाल. सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण आजच उतरवून घ्या, पुसलं जाईल. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अग्निगोलाची (अशा फार तेजस्वी उल्केची) नोंद करायचा अर्ज आहे, तो भरा. दुसऱ्या गावातून कुणी पाहिला असेल तर खरा मार्ग काढता येतो.

धायरीकर: रत्नागिरीच्या मामेभावाला फोन लावला. तो जेवून बंदरावर फिरत होता. त्यालाही दिसला! वायव्येला, समुद्रावर. त्यालाही मूठ धरून मोजायला सांगितलंय. चित्रणासाठी वॉचमनकाकांकडे निघाले आहे.

दुर्बीणवेडी: सहा इंचीच घ्या, चार इंची नको.