बूटला पासफ्रेज मागणारी मशीन म्हणजे मागासलेपणा? नाही पटत

गोदाकाठ (परभणी)

काल मोंढा_नाका यांनी इथं लिहिलं की, लॅबमधल्या सगळ्या लिनक्स मशीनच्या एन्क्रिप्ट केलेल्या (चावीशिवाय वाचता न येणाऱ्या) डिस्क त्यांनी टीपीएमला, म्हणजे मशीनमधल्या चावी सांभाळणाऱ्या चिपला, बांधून टाकल्या, आता बटण दाबलं की मशीन सरळ लॉगिनला येतं, आणि "बूटला पासफ्रेज टाईप करत बसणारे अजून जुन्या जमान्यात आहेत". (बूट म्हणजे मशीन सुरू होणं, पासफ्रेज म्हणजे तेव्हा डिस्क उघडायला टाकायचा लांब पासवर्ड.) खाली अंगठ्यांची रांग लागली. म्हणून नवीन धागा काढून सविस्तर लिहितोय.

डिस्क एन्क्रिप्ट करायची कशासाठी? मशीन चोरीला गेलं तर आतलं काही हाती लागू नये म्हणून. आणि आपल्याकडचा चोर स्क्रू खोलून नुसती डिस्क नेत नाही, तो अख्खा सीपीयू उचलतो. टीपीएम त्याच मदरबोर्डवर. घरी नेऊन प्लग लावला की टीपीएम बघतो, फर्मवेअर (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) तेच, सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) तसंच, आणि चावी देऊन टाकतो. चोरासाठी डिस्क आपलंच मशीन उघडून देतं. मग राहतो फक्त लॉगिनचा पासवर्ड, आणि तो आपल्याकडे कसा असतो हे सांगायची गरज नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका ऑनलाइन सेंटरचं शटर वाकवून दोन मशीन नेली. ऐन पीकविम्याच्या दिवसांत. डेस्कटॉपवर गावोगावच्या शेतकऱ्यांचे आधार, पासबुक, सातबारा, सगळं स्कॅन करून ठेवलेलं. मालक सगळ्यांना सांगत होता, "काळजी नका करू, एन्क्रिप्ट केलेलं आहे." होतं खरं, पण आपोआप उघडणारं. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढं १२३. माझे काका त्या रांगेत उभे राहिलेले, त्यांचे कागद त्यात आहेत. त्यांना काय सांगू, टीपीएम सुरक्षित असतो म्हणून?

आणि नुसत्या लॉगिनचा प्रश्न नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका संशोधकानं जुन्या लॅपटॉपवर टीपीएम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवरून जाणारी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) चावी रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड वापरून एका मिनिटाच्या आत वाचून दाखवली. जानेवारी २०२५ मध्ये लिनक्सबद्दल लेख आला: खऱ्या रूट पार्टिशनच्या (डिस्कच्या ज्या भागात सिस्टिम असते त्याच्या) जागी त्याच यूयूआयडीचं, म्हणजे त्याच ओळख-क्रमांकाचं, स्वतःचं पार्टिशन ठेवायचं, बूट नेहमीसारखं होतं, टीपीएमला वाटतं सगळं ठीक आहे, आणि खरी चावी चोराच्या सिस्टिमला मिळते. नुसता पीसीआर ७ (टीपीएममधली सिक्युअर बूटच्या स्थितीची नोंद) बांधून जे निवांत झोपलेत त्यांनी हे वाचावं.

माझं म्हणणं एवढंच: माणसानं काहीतरी टाईप केल्याशिवाय उघडणारी डिस्क ही दुसऱ्यांचे कागद ठेवायच्या लायकीची नाही.

मोंढा_नाका (नांदेड)

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर आता पूर्ण ऐका.

तुम्ही परभणीत घरी बसून एक लॅपटॉप चालवता. मी तपासणी लॅब सांभाळतो. ॲनालायझरचे रिपोर्ट ज्या मशीनवर येतात ते रात्री चालू राहावं लागतं. एप्रिल-मे मध्ये लाईट किती वेळा जाते ते तुम्हालाही माहीत आहे. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की मशीन बंद. टीपीएम लावण्याआधी हे असं व्हायचं: पहाटे लाईट येते, मशीन चालू होतं आणि काळ्या पडद्यावर पासफ्रेज मागत उभं राहतं. रात्रीच्या ड्युटीला जो पोरगा असतो त्याला ती माहीत नाही. खाली डॉक्टर रिपोर्टची वाट बघायलेत, पेशंट आयसीयूत. फोन मला. मी लग्नाला धर्माबादला. मग फोनवर पासफ्रेज सांगायची, मोठ्यानं, एकेक अक्षर, चार लोकांत.

दुसऱ्या दिवशी बघतो तर मॉनिटरच्या कडेला पट्टी चिकटवलेली, तीच पासफ्रेज मार्करनं लिहून. हे तुमच्या सुरक्षिततेचं खरं रूप. चोरानं सीपीयू नेला तर मॉनिटरही नेईल की, पट्टीसकट. त्यापेक्षा माझा टीपीएम बरा, निदान डिस्क खराब म्हणून कुणी बदलून नेली, भंगारात टाकली, तर ती कुठंच उघडत नाही. आमच्याकडे मशीन चोरीला जाण्यापेक्षा डिस्क दुरुस्तीला बाहेर जाणं कितीतरी जास्त वेळा होतं.

बालाघाट (अंबाजोगाई)

दोघंही एक गोष्ट सोडून बोलताय. मदरबोर्डचा सेल.

इथल्या ऑफिसांत आणि शाळांत जी मशीन आहेत त्यांचा सीआर२०३२ सेल कधीच मेलेला असतो, कुणी बदलत नाही. लाईट असेपर्यंत कळत नाही. लाईट पूर्ण गेली की बायोसची सेटिंग मूळ जागी. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की पीसीआर ७ बदलला. काही बोर्डांवर तर फर्मवेअरचा टीपीएम मूळ सेटिंगमध्ये बंदच असतो, म्हणजे टीपीएमच सापडत नाही. मग जे मशीन "आपोआप उघडतं" म्हणून कुणी पासफ्रेज पाठ ठेवली नाही, तेच नेमकं त्या पहाटे पासफ्रेज मागतं. मोंढाभाऊ, तुमच्या त्या ड्युटीवरच्या पोराला तेव्हा काय सांगाल?

आधी दोन-पाचशे रुपये खर्चून सगळ्या मशीनचे सेल बदला, मग टीपीएमच्या गोष्टी करा.

ट्युशन_एरिया (लातूर)

लिनक्सवाल्यांचं चालू द्या, पण इथं लेकरांचं जे नुकसान व्हायलंय ते कुणी बोलत नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवीन मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं सेटअप केला की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. विचारतही नाही नीट. रिकव्हरी की (अडकलेली डिस्क उघडायची चावी) ४८ अंकी, ती त्या खात्यात जाऊन बसते. आता खातं कुणाचं? क्लासेसला आलेलं लेकरू, वडील गावाकडून येऊन लॅपटॉप घेऊन देतात, आणि दुकानात सेटअप करताना दुकानदार स्वतःचं जुनं खातं टाकतो, नाहीतर तिथंच एखादं नवीन काढतो ज्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही.

माझ्या भाचीचं असंच झालं. बायोस अपडेट झाला, निळा पडदा आला, ४८ अंक मागायला लागला. दुकानदार म्हणे, "ते खातं कुठलं होतं आठवत नाही, फॉरमॅट करून देतो." वर्षभराच्या नोट्स, सोडवलेले पेपर, सगळं गेलं. ती दोन दिवस जेवली नाही. वहिनी रडत होत्या. तिनं एन्क्रिप्शन मागितलं होतं का?

सर्व्हिसवाला (जालना)

सगळं दुकानदारावर ढकलायचं, हे बरंय.

मी दुकान चालवतो. गिऱ्हाइकाला विचारतो, मेल आयडी द्या. म्हणतात, "तुमचाच टाका की, आम्हाला कुठं मेल येतात." ओटीपीसाठी मोबाइल नंबर मागितला तर संशयानं बघतात. समजावायला गेलं तर "लवकर करा, एसटी निघायली." आणि वर्षानं येऊन माझ्या नावानं खडे फोडतात. माझ्या टेबलावर असे लॅपटॉप येतात तेव्हा मला आनंद होत नाही. डेटा परत काढून दिला तर मला चार पैसे मिळतात, फॉरमॅटला काय मिळतं?

ट्युशन_एरिया

दादा, गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणूनच तो तुमच्याकडे येतो ना? कळत असतं तर घरीच केलं असतं. विक्रीच्या वेळी त्या ४८ अंकांची एक प्रिंट काढून बिलासोबत द्यायला काय जातं? एक कागद. तुमच्या धंद्यात एवढं बसत नसेल तर मग सेटअपचे पैसे कशाचे घेता?

सर्व्हिसवाला

पैसे घेतो मेहनतीचे. तोंड सांभाळून बोला. मी कुणाच्याही मशीनवर माझं खातं टाकत नाही, ज्यानं तुमच्या भाचीचं केलं त्याला जाऊन विचारा, अख्ख्या मराठवाड्यातल्या दुकानदारांना चोर ठरवू नका.

बालाघाट

चोर कुणी म्हटलं नाही. पण प्रिंटचा मुद्दा बरोबर आहे. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या बिघडलेल्या अपडेटनं जगभर मशीन निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांचे आयटीवाले एकेका मशीनची बिटलॉकर की शोधत बसले होते, आणि काहींच्या की ज्या सर्व्हरवर होत्या तो सर्व्हरही त्याच निळ्या पडद्यावर. त्यांची ही गत, तर लातूरच्या पोरीनं काय करायचं?

सर्व्हिसवाला

प्रिंट देईन. उद्यापासून देतो. पण गिऱ्हाईक ती लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवणार, आणि बॅग चोरीला गेली की दोन्ही गेलं. मग गोदाकाठसाहेब येऊन पुन्हा धागा काढतील.

गोदाकाठ

काढीन, कारण लोकांच्या कागदांचा प्रश्न आहे. प्रिंट घरी कपाटात, सातबारा-खरेदीखत ठेवतो तिथं. एवढं गिऱ्हाइकाला सांगता येतं.

मोंढा_नाका, तुमच्या आयसीयूच्या मुद्द्याला मी हलकं लेखत नाही. पण मॉनिटरवर पट्टी चिकटवणं हा दोष पासफ्रेजचा कसा? एकच पासफ्रेज सगळ्यांना दिली की असंच होणार. लक्स२ मध्ये (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनच्या पद्धतीत) वेगवेगळ्या पासफ्रेजसाठी ३२ स्लॉट आहेत. ड्युटीवरच्या माणसाला वेगळी द्या, तो सोडून गेला की तेवढा स्लॉट मारून टाका. लॅबमध्ये लोकांचे रोग नोंदलेले आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुमच्या डॉक्टरसाहेबांना हे सांगितलंय का?

मोंढा_नाका

कायद्याची भीती घालू नका. ज्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या सिलिंडरची नोंद अजून वहीत होते तिथं येऊन एक रात्र काढा. स्लॉट वेगळे दिले तरी लाईट आल्यावर मशीनपुढं माणूस हवाच ना? पहाटे तीनला तो खाली रक्त घ्यायला गेलेला असतो. माझा प्रश्न माणसाशिवाय मशीन उठण्याचा आहे, आणि त्याला तुमच्याकडं उत्तर नाही.

वेरूळ_लेणी (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर आहे, आणि ते दोघांनाही अर्धंच आवडेल.

टँग सर्व्हर. लॅबमध्येच एक छोटं मशीन वेगळ्या खोलीत, कुलपात, भिंतीला पक्कं केलेलं. बाकीच्या मशीनवर क्लेव्हिस, म्हणजे टँगशी बोलून डिस्क उघडणारा प्रोग्राम. बूट होताना मशीन नेटवर्कवर टँगला विचारतं आणि दोघांच्या हिशेबातून चावी तयार होते. टँगला स्वतःला चावी कधी कळत नाही, तिथं साठवलेलीही नसते. लाईट आली, सगळं आपोआप उठलं. चोरानं सीपीयू घरी नेला तर तिथं टँग नाही, डिस्क बंदच. क्लेव्हिसमध्ये टीपीएम आणि टँग दोन्ही मिळूनच उघडेल अशीही अट घालता येते.

अडचणी सांगतो. टँगच्या मशीनलाही सेल आणि इन्व्हर्टर लागतो, आणि नेटवर्कच्या स्विचलाही इन्व्हर्टर. स्विच उशिरा उठला तर बूट थांबतो. टँग आणि लॅबची मशीन एकत्र चोरीला गेली तर खेळ संपला. आणि साधा पासफ्रेजचा स्लॉट कधीही काढायचा नाही. `क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप` करून हेडरची (डिस्कच्या सुरुवातीचा, चाव्यांची माहिती असलेला भाग) प्रत बाहेर ठेवायची. हेडर बिघडला तर पासफ्रेज पाठ असूनही उपयोग नाही. इथं एका संस्थेत पार्टिशन बदलताना हेडरवर लिहिलं गेलं, प्रवेशाची अख्खी यादी गेली, पासफ्रेज तिघांना माहीत होती.

जे लॅपटॉप फिरतात त्यांना मात्र टीपीएम आणि पिन. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) २५१ पासून त्याच्या क्रिप्टएनरोल या चावी नोंदवायच्या टूलला पिनची सोय आहे. पिन छोटी चालते कारण चुकीचे प्रयत्न टीपीएम स्वतः मोजतो आणि अडवतो. तिथं गोदाकाठ बरोबर आहेत.

मोंढा_नाका

टँगचं करून बघतो. फिरत्या लॅपटॉपचं मी मानतो, आमचा कॅम्पचा एक लॅपटॉप आहे, त्याला पिन टाकतो. पण लॅबच्या मशीनला रात्री माणूस बसवा म्हणणाऱ्यांचं मला अजूनही पटत नाही, आणि "लायकीची नाही" हा शब्द मला लागला आहे.

गोदाकाठ

शब्द जड होता, मागं घेतो. मुद्दा घेत नाही. टँग कुलपात असेल, वेगळ्या खोलीत असेल, तर तुमच्या लॅबपुरतं आपोआप उघडणं मला चालेल. सेंटरवाल्यांना नाही चालणार. त्यांच्याकडे दुसरी खोलीच नाही, टँग टेबलाखाली सीपीयूच्या शेजारीच ठेवतील आणि एकाच पोत्यात दोन्ही जातील. त्यांनी सकाळी शटर उघडल्यावर पासफ्रेज टाकावी. दिवसातून एकदा. तिथं कुणी आयसीयूत नाही.

मोंढा_नाका

सेंटरबद्दल वाद नाही. वेरूळभाऊ, आमच्याकडे डेबियन १२ आहे. क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्ट डिस्क कशा उघडायच्या ती फाइल) टीपीएमचा पर्याय लिहिला तर डेबियनचं नेहमीचं इनिट्रॅमएफएस (डिस्क उघडण्याआधी चालणारी छोटी सिस्टिम) तो ओळखतच नाही, म्हणून मी ती छोटी सिस्टिम बनवणाऱ्या ड्रॅकट या दुसऱ्या टूलवर गेलो होतो. टँगसाठी परत मागं यावं लागेल का?

वेरूळ_लेणी

नाही. क्लेव्हिसचं ड्रॅकटचं पॅकेज वेगळं आहे, इनिट्रॅमएफएसचं वेगळं. ड्रॅकटवर असाल तर तेच ठेवा, फक्त बूटच्या वेळी नेटवर्क उठतंय ना ते कर्नलला बूटच्या वेळी दिलेल्या सूचनांच्या ओळीत बघा. आधी एकाच मशीनवर करा, आणि इन्व्हर्टरचा मेन स्विच पाडून, सगळं एकदम बंद करून, परत चालू करून बघा. नुसतं रीस्टार्ट करून तपासू नका. रीस्टार्टमध्ये टँग आणि नेटवर्कचा स्विच चालूच असतात, खरी परीक्षा होत नाही.

बालाघाट

आणि पाडण्याआधी सेल बदला.