मदत हवी आहे: खाजनाच्या बांधावरून चालण्या-सायकलची वाट

गोव्यात तिसवाडी तालुक्यातल्या आमच्या दोन वाड्यांमध्ये खाजन आहे, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांधावरून अंतर जेमतेम दीड किलोमीटर, रस्त्याने सहा. त्या रस्त्यावर शाळकरी मुलांना सायकलने पाठवायला जीव धजत नाही. बांधावर चालणारे आणि सायकलवाले दोघांना पुरेल एवढीच वाट हवी; काँक्रीट नको, मातीचा बांध तसाच राहायला हवा. मानशीपाशी (भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी) तेवढा लाकडी साकव लागेल. दुचाकी-चारचाकी अजिबात नाही.

ग्रामसभेचा ठराव झालाय, कूळ संघटना (इथली शेती कसणाऱ्या कुळांची संघटना) तोंडी तयार आहे. पण २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांसाठी खास तरतूद आहे, त्यामुळे पंचायत पुढे सरकत नाही.

बांधाच्या डागडुजीपुरती माती घालायलाही किनारपट्टी प्राधिकरणाची परवानगी लागते, की फक्त साकवासाठी? आणि अर्ज कुणी करायचा, पंचायतीने की कूळ संघटनेने?